मुलांच्या खाऊची कृती छापताना तो बिघडतो कुठे तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्या की पौष्टिक खाऊवरचे लेख येऊ लागतात. त्यांत बदाम असतात, ओट्स असतात. मात्र पदार्थ फसतो कुठे, हे क्वचितच लिहिलेले असते. पहिल्याच खेपेला लाडू दगड झाला किंवा मटकीला वास आला की घरातले पुन्हा दहा रुपयांच्या बिस्किटपुड्याकडे वळतात. मुलांचा खाऊ स्वस्तात आणि सकस होतो, फक्त या अडचणी आधी सांगायला हव्यात.

शेंगदाण्याचा लाडू घ्या. पाव किलो दाण्यांतले काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे आधी निवडून फेकावेत. बुरशीचे विष भाजल्याने पूर्ण जात नाही, त्यामुळे इथे काटकसर नको. बाकीचे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १२ ते १५ मिनिटे सतत हलवत भाजावेत. आच मोठी ठेवली तर वरची फोलपटे करपतात आणि दाणा आत कच्चा राहतो. भाजलेले दाणे पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावावेत. गरम असताना लावले तर तेल सुटून लगदा होतो. थांबत थांबत भरड कूट करून त्यात १५० ग्रॅम चिरलेला मऊ गूळ, दोन चमचे भाजलेले तीळ आणि वेलची घालून पुन्हा दोन-तीनदा फिरवावे. तेवढ्याने लाडू वळतो, तूप लागत नाही. मुठीत दाबल्यावर भुगाच राहिला तर चमचाभर गूळ वाढवून आणखी एकदा फिरवा. पाक करण्याच्या फंदात मात्र पडू नका. पाक जरा पुढे गेला की लाडू मुलांच्या दातांना फुटत नाही. चिक्कीच्या गुळानेही तेच होते.

एवढ्यात २५ ग्रॅमचे सोळा लाडू होतात. आमच्या बाजारात दाणे दीडशे रुपये किलोच्या आसपास आणि गूळ साठ रुपये. या भावाने लाडू साधारण तीन रुपयांना पडतो. गूळ म्हणजेही साखरच. एका लाडवात तो नऊ ग्रॅमच्या आसपास जातो, म्हणून दिवसाला एकच द्यावा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, घशात अडकतात.

मटकी आठ तास भिजवून पाणी पूर्ण निथळू द्यावे आणि ओलसर सुती फडक्यात सैल बांधावी. घट्ट गाठोडे किंवा तळाला साचलेले पाणी, वास येतो तो याच दोन कारणांनी. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत जवळपास दिवस लागतो. लहान मुलांना कच्चे मोड देऊ नका, उबेत जंतूही वाढतात. चांगले वाफवावेत आणि कांदा, मीठ घालून गॅस बंद केल्यावर लिंबू पिळावे. लिंबामुळे कडधान्यातले लोह अधिक अंगी लागते.

पातळ पोह्यांचा चिवडा मऊ पडतो, त्याचे कारण बहुतेकदा कढीपत्ता असते. तो फोडणीत कडकडीत झाला नाही तर त्याचा ओलावा पोहे ओढून घेतात. पोहे मंद आचेवर, बोटांनी चुरडतील इतके भाजावेत. मीठ बारीक करून फोडणीतच घालावे. वरून घातले तर सगळे डब्याच्या तळाशी जाते. डाळे भरपूर घाला, तेल दोन चमचे पुरते. चिवडा गार होईपर्यंत झाकण लावू नये.

केळे, पेरू, उकडलेले अंडे यांना तर कृतीही लागत नाही.

नाचणीच्या बिस्किटांबद्दल एक सांगायलाच हवे. पुड्यावर मोठ्या अक्षरात ‘नाचणी’ दिसली तरी मागची घटकांची यादी वाचावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिला मैदा, मग साखर, पामतेल आणि नाचणीपुढे कंसात तुटपुंजे टक्के असतील, तर ते मैद्याचेच बिस्किट. त्यापेक्षा दोन चमचे नाचणीचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात ओता आणि ताक घालून आंबील द्या. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकले तर गुठळ्या होतात.

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. त्याचा उपयोग डब्यात दुसरे काही असेल तरच. म्हणून आपल्या पुरवणीत प्रत्येक कृतीखाली दोन ओळी राखाव्यात: एका वाढणीचा खर्च किती, आणि पदार्थ कशाने बिघडतो.

आपल्या,
बचत गटातल्या काही वाचक, कराड