साउंड डेस्कमागच्या दादांना जाहीर आभारपत्र

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार. मोठ्या रेकॉर्ड कंपन्या आणि त्यांचे स्टुडिओ जिथे एकवटलेले असतात, त्या शहरांपासून दूर राहून रॅप करणाऱ्या आम्हा सर्वांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, तुमचे काम श्रोत्यांना ऐकू येते, पण दिसत नाही.

गुणी मुले-मुली आमच्यात आधीही होत्या. नव्हता तो ठरल्या दिवशी न चुकता होणारा ओपन माईक, म्हणजे कोणीही येऊन माईकवर आपली कला सादर करावी असा खुला कार्यक्रम. डेट्रॉईटमधल्या ‘हिप हॉप शॉप’ या कपड्यांच्या दुकानात शनिवारी रॅपर जमत आणि प्रूफ नावाचा रॅपर तिथले सूत्रसंचालन करी, ही हकीकत तुम्हीच आम्हाला सांगितलीत आणि पुढे श्रोते मोजकेच असले तरी एकही कार्यक्रम रद्द होऊ दिला नाहीत. माईकची जाळी मुठीत धरली की शब्द घुसमटतात आणि स्पीकर शिट्टी मारू लागतो, हे प्रत्येक नवख्याला तुम्ही त्याची बोटे खाली सरकवून दाखवलेत, तेही कोणाचा पाणउतारा न करता (यावर आमचे एकमत नसले तरी बहुमत आहे).

त्याहून मोठे ऋण कागदांचे आहे. गाणे प्रसिद्ध करण्याआधी शब्द कोणाचे, बीट (शब्दांखालचे संगीत) कोणाची, ती भाड्याची की विकतची, मास्टर (मूळ ध्वनिमुद्रण) कोणाच्या नावावर आणि कोणाचा वाटा किती टक्के, हे लिहून सर्वांच्या सह्या घेण्याचा तुमचा हट्ट असे. हे प्रश्न गाणे गाजल्यावर उकरले जातात तेव्हा गट फुटतात. आपला फुटला नाही, याचे श्रेय त्या सह्यांना आहे. न्यू ऑर्लिन्सच्या कॅश मनी रेकॉर्ड्स या स्वतंत्र कंपनीने १९९८ मध्ये युनिव्हर्सल या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार करतानाही मास्टरची मालकी स्वतःकडे राखली, हे उदाहरण सगळेच देतात. तुम्ही मात्र त्याच कंपनीवर तिच्याच रॅपरने, लिल वेनने, २०१५ मध्ये थकलेल्या पैशांसाठी दावा लावल्याचेही सांगितलेत, कारण स्वतंत्र कंपनी म्हणजे कलाकाराला न्याय, असे समीकरण तुम्हाला कधीच मान्य नव्हते.

पुढच्या कार्यक्रमापासून साउंड डेस्कवर तुमच्या हाताखाली तयार झालेल्या दोघीजणी बसणार आहेत. सुरुवात होण्यापूर्वी येऊन जोडण्या एकदा नजरेखालून घालाव्यात, ही विनंती.

आपली ऋणी,
ओपन माईकची सर्व मंडळी