सीमाभागातील परिचारिकांची परदेशी नोंदणी कागदांतच अडकते

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या काही महिन्यांपासून सकाळच्या वृत्तपत्रात घालून येणारी काही पत्रके मी जपून ठेवली आहेत. 'परदेशात स्टाफ नर्सची नोकरी, परीक्षेची गरज नाही, दोन महिन्यांत व्हिसा' अशा मजकुराची ही पत्रके बेळगाव शहराबरोबरच खानापूर, निपाणी आणि पलीकडे चंदगडपर्यंत वाटली जातात. मी ३४ वर्षे आधी वॉर्डात आणि नंतर नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवण्यात घालवली. निवृत्तीनंतरही माझ्या जुन्या विद्यार्थिनी परदेशी जाण्याची कागदपत्रे घेऊन घरी येतात. त्यांचे जे हाल मी पाहते आहे, ते आपल्या वाचकांपुढे, विशेषतः मुलींच्या पालकांपुढे, ठेवावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. व्हिसा मिळाला म्हणजे परिचारिका म्हणून काम करण्याचा अधिकार मिळाला, असे होत नाही. त्या त्या देशाच्या नियामक संस्थेच्या नोंदवहीत नाव लागल्याशिवाय कोणालाही तेथे परिचारिका म्हणून काम करता येत नाही, आणि परीक्षेशिवाय नोंदणी करून देतो असे सांगणारा माणूस बहुधा परिचारिकेची नव्हे, तर तिच्या मदतनिसाची नोकरी विकत असतो. ब्रिटनचे उदाहरण घ्या. तेथील नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल इंग्रजीचा पुरावा मागते. आयईएलटीएस ही सर्वसाधारण इंग्रजीची परीक्षा असेल तर वाचन, श्रवण व संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. ओईटी ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजी परीक्षा असेल तर पहिल्या तिन्हींत बी आणि लेखनात सी प्लस श्रेणी लागते. आमचा कोर्सच इंग्रजी माध्यमातून झाला, मग परीक्षा कशाला, असे मुली विचारतात, पण भारतात इंग्रजीतून शिकल्याचा दाखला एवढ्यासाठी पुरत नाही. सातवीपर्यंत किंवा दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलींना मी ओईटी सुचवते, कारण तिच्यातील संभाषण आणि पत्रलेखन रुग्णालयातल्याच प्रसंगांवर असते आणि ते त्यांनी रोज पाहिलेले असते. त्यानंतर संगणकावरची सीबीटी परीक्षा येते. तिच्यात औषधांच्या मात्रेच्या गणिताचे १५ आणि नर्सिंगचे १०० प्रश्न असतात, आणि ती भारतात देता येते. शेवटची ओएससीई ही दहा टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा मात्र ब्रिटनमध्ये जाऊनच द्यावी लागते आणि तिची फी ७९४ पौंड आहे. बरीच रुग्णालये ही फी स्वतः भरतात. भरणार की नाही हे नियुक्तिपत्रात लिहून घ्यावे.

आखाती देशांत प्रोमेट्रिक या संस्थेची संगणकावरची परीक्षा आणि डेटाफ्लो या कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी, जर्मनीत बी-२ पातळीपर्यंतची जर्मन भाषा आणि शिक्षण कमी पडल्यास पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा, अमेरिकेत एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा, तर ऑस्ट्रेलियात एनक्लेक्स आणि त्यावर पुन्हा प्रात्यक्षिक, असे प्रत्येकाचे मार्ग वेगळे आहेत. आपल्या मुली या परीक्षांत मागे पडत नाहीत. रात्रपाळी करून आल्यावर दुपारी दोन तास अभ्यास करणाऱ्या आणि पहिल्याच प्रयत्नात सीबीटी उत्तीर्ण झालेल्या मुली मला माहीत आहेत. त्या अडतात त्या कागदांत, आणि सीमाभागातल्या मुली इतरांपेक्षा जास्त अडतात.

याचे कारण पडताळणीच्या पद्धतीत आहे. परदेशी संस्था उमेदवाराने दिलेल्या झेरॉक्सवर विश्वास ठेवत नाहीत. त्या थेट मूळ ठिकाणी विचारतात: कॉलेजला, विद्यापीठाला किंवा परीक्षा मंडळाला, राज्याच्या नर्सिंग कौन्सिलला आणि जेथे काम केले त्या रुग्णालयाला. तेथून उत्तर आले नाही, तर मुलीचा काहीही दोष नसताना अर्ज थांबतो. आता आपल्याकडचा भूगोल पाहा. खानापूर तालुक्यातली मुलगी जीएनएम हा नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम करायला मिरजेला किंवा कोल्हापूरला जाते, कारण तेथे मावशी राहते, भाषा आपली असते आणि वसतिगृह परवडते. चंदगड, गडहिंग्लजची मुलगी बेळगावला येते, कारण तिला बेळगाव जवळ पडते. पहिलीची नोंदणी मुंबईला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते आणि नोकरी बेळगावात. दुसरीची नोंदणी बंगळूरला कर्नाटकच्या कौन्सिलकडे होते आणि लग्नानंतर नोकरी कोल्हापुरात. बेळगावहून बंगळूर आणि मुंबई दोन्ही सुमारे पाचशे किलोमीटरवर आहेत, म्हणजे एका सहीसाठी दोन रात्रींचा प्रवास ठरलेला.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिने महाराष्ट्रात जीएनएम केले, मुंबईत नोंदणी केली आणि बेळगावातल्या एका खासगी रुग्णालयात तीन वर्षे काम केले. कर्नाटकात काम करायचे तर कर्नाटकच्या कौन्सिलकडे नोंदणी हवी, हे तिला ना कॉलेजने सांगितले, ना त्या रुग्णालयाने विचारले. आखाती देशातल्या नोकरीसाठी पडताळणी सुरू झाली, तेव्हा पहिलाच प्रश्न आला की ज्या राज्यात तीन वर्षे काम केले, त्या राज्याचा परवाना त्या काळात कोठे होता? तिच्याकडे उत्तर नव्हते. वॉर्डात तीन वर्षे रात्रंदिवस उभी राहिलेली ती मुलगी कागदावर जणू घरीच बसून होती. तिने नंतर कर्नाटकात नोंदणी केली, पण मागची तीन वर्षे त्यामुळे धरली गेली नाहीत. इतकी साधी माहिती योग्य वेळी न मिळाल्याने मुलीच्या आयुष्यातली तीन वर्षे पुसली जावीत, याचे मला आजही दुःख होते, आणि शिक्षिका म्हणून मीही वर्गात हे कधी ठासून सांगितले नव्हते, याची खंत वाटते.

दुसरी अडचण नावाची. कर्नाटकच्या दहावीच्या मार्क्स कार्डावर अनेकदा मुलीचे नाव आणि वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर असते. महाराष्ट्रातल्या कागदांवर आडनाव, नाव, वडिलांचे पूर्ण नाव अशी रीत. आधार कार्डावर तिसराच क्रम, आणि लग्नानंतर वडिलांच्या जागी पतीचे नाव व सासरचे आडनाव येते. त्यातच गावडे हे आडनाव इंग्रजीत एका कागदावर 'व्ही'ने आणि दुसऱ्यावर 'डब्ल्यू'ने लिहिलेले असते. चौगुलेचे चौगले होते. कन्नडमधून इंग्रजीत गेलेल्या नावाचे स्वर आणखी वेगळे पडतात. गावात कोणालाही यात काही वावगे वाटत नाही, कारण मुलगी कोणाची हे सगळ्यांना ठाऊक असते. पण हजारो मैलांवर बसलेल्या तपासनिसापुढे या तीन नावांच्या तीन वेगळ्या बायका उभ्या राहतात. अशा वेळी नोटरीचे प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालते आणि काही ठिकाणी चालत नाही. मग राजपत्रात नावबदल, विवाह नोंदणीचा दाखला, कन्नड दाखल्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर अशी वणवण सुरू होते. माझी पालकांना कळकळीची विनंती आहे की, मुलगी नर्सिंगला जाताच तिचा पासपोर्ट काढावा, आणि कॉलेज, विद्यापीठ, कौन्सिल या प्रत्येक ठिकाणी पासपोर्टावरचेच नाव, त्याच स्पेलिंगने लिहावे. लग्नानंतर नाव बदलायचे की नाही, हा सर्वस्वी तिचा प्रश्न आहे. बदलायचेच ठरले, तर ते सगळीकडे एकदमच बदलावे.

अनुभवाच्या दाखल्याबाबत तर मला राग येतो, तो मी लपवत नाही. आपल्याकडची बरीचशी रुग्णालये लहान आहेत. डॉक्टर निवृत्त झाले किंवा वारले की ती बंद पडतात, आणि पडताळणीच्या ईमेलला उत्तर देणारे कोणी उरत नाही. चालू असलेल्या एका रुग्णालयाने माझ्या विद्यार्थिनीची मूळ प्रमाणपत्रे बाँडच्या नावाखाली दोन वर्षे कपाटात ठेवली आणि सोडताना दाखल्यावर तिचा हुद्दा 'सहाय्यक' असा लिहिला, जेणेकरून तिला सोडून जाणे जड जावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नयेत. नोकरी सोडतानाच हुद्दा, विभाग, खाटांची संख्या, रुजू व मुक्त होण्याच्या तारखा आणि सही करणाऱ्याचा कायमचा ईमेल असलेला दाखला घ्यावा. पगाराच्या बँकेतल्या नोंदी आणि नेमणुकीचे पत्र फेकू नये. रुग्णालय बंद पडल्यावर कधी कधी तेवढाच पुरावा उरतो.

आता दलालांविषयी. भारतात नोंदणीकृत भरती संस्थेला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, आणि संस्था नोंदणीकृत आहे की नाही हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या परिचारिकांना २०१५ पासून एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याची सरकारी परवानगी, बंधनकारक आहे. ब्रिटनच्या आचारसंहितेनुसार तर आरोग्यसेवेतल्या उमेदवाराकडून भरतीचे शुल्क घेताच येत नाही. तरीही आपल्या भागातली कुटुंबे शेत गहाण ठेवून चार-पाच लाख रुपये देतात. 'आधी केअरर, म्हणजे मदतनीस, म्हणून जा, नोंदणीचे तिकडे बघू' हा सल्ला सर्रास दिला जात होता. ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये परदेशातून नव्या केअर वर्करची भरतीच बंद केली आहे, तरी पत्रके वाटणे थांबलेले नाही. केवळ एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम, झालेल्या मुलींनाही हेच आमिष दाखवले जाते, जेव्हा परदेशात परिचारिका म्हणून नोंदणीसाठी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगच धरले जाते.

केरळने या प्रश्नाकडे फार पूर्वी लक्ष दिले. तेथे नोर्का रूट्स आणि ओडेपेक या सरकारी संस्था परिचारिकांची भरती स्वतः करतात, आणि जर्मनीच्या ट्रिपल विन या परिचारिका भरतीच्या कार्यक्रमातून भाषेच्या शिक्षणापासून नोंदणीपर्यंतची मदत मुलींना मोफत मिळते. आपल्या मुलींना ही मदत मिळू नये, असे कोणते कारण आहे? कर्नाटकाची सरकारी यंत्रणा बंगळूरला, महाराष्ट्राची मुंबईला, आणि सीमेवरच्या मुलीला दोन्हीकडून एकच उत्तर मिळते की हे आमच्याकडे येत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला, म्हणजे मनात आले तर सीमेपलीकडच्या माणसांचा विचार करता येतो. सीमाप्रश्नाचा निकाल २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे. तो लागेपर्यंत एका दाखल्याची वाट पाहायला या मुलींना सवड नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की, दोन्ही राज्यांच्या नर्सिंग कौन्सिलांनी महिन्यातून एक दिवस तरी बेळगावात शिबिर घ्यावे, जेथे दुसऱ्या राज्याची नोंदणी, गुड स्टँडिंगचा (नोंदणी चालू असून कारवाई नसल्याचा) दाखला आणि परदेशी संस्थांचे पडताळणीचे अर्ज स्वीकारले जातील. जिल्हाधिकारी कार्यालयात कन्नड, मराठी आणि इंग्रजी जाणणारा एक माणूस यासाठी नेमावा. नर्सिंग कॉलेजांनी शेवटच्या वर्षी एक तास काढून नोंदणीचे नियम समजावून द्यावेत. बोलावल्यास मी स्वतः येऊन तो तास घ्यायला तयार आहे. बंद पडलेल्या रुग्णालयांच्या माजी कर्मचाऱ्यांना जिल्हा आरोग्य खात्याने जुन्या नोंदींवरून दाखला द्यावा, ही मागणी मी खात्याकडे लेखी केली आहे आणि उत्तराची वाट पाहते आहे.

हे पत्र प्रसिद्ध करताना माझे नाव छापू नये, ही विनंती. वर ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांपैकी एकीचा अर्ज अजून पडताळणीत आहे, आणि जेथून तिचे उत्तर जायचे आहे, ते लोक हे वृत्तपत्र वाचतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त नर्सिंग शिक्षिका, बेळगाव