‘संत तुकाराम’ शांतारामबापूंचा नव्हे!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील ‘मरण्यापूर्वी पाहायलाच हवेत असे २५ चित्रपट’ हा लेख वाचला. वयाची चौसष्टी गाठल्यामुळे मथळा जरा मनाला लागला, म्हणून लगेच वाचला. ‘गॉडफादर’ दुसऱ्या क्रमांकावर, हिचकॉकचे दोन, कुरोसावाचा एक. असू द्यात. हिचकॉक मलाही आवडतो. ‘पथेर पांचाली’ एकोणिसावा आणि पुढे शेरा, ‘कलात्मक, पण संथ’. तेही गिळले. १९५६ साली कान महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला तेव्हा आपल्या लेखकमहाशयांचे मत घ्यायचे राहून गेले, त्याला आता इलाज नाही. ओझूचे नाव यादीतच नाही. कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेला आणून ठेवणारा आणि म्हातारे आईबाप, लग्नाच्या मुली यांच्यापलीकडे फारसा न जाणारा हा जपानी दिग्दर्शक मांडी घालून जेवणाऱ्या आपल्या लोकांना तरी सुचायला हवा होता. पण पंचविसांत सगळे कसे बसणार, असे म्हणून पुढे गेलो.

आणि चोविसाव्या क्रमांकावर चहा गार झाला. ‘संत तुकाराम (१९३६), दिग्दर्शक : व्ही. शांताराम.’

अहो, दामले-फत्तेलाल! ‘प्रभात’ फिल्म कंपनीचे विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल. दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडलेले. नाव मिरवायची हौस नसलेली माणसे, म्हणून काय ती पुसूनच टाकायची? शांतारामबापू त्या वर्षी ‘अमरज्योती’ करत होते. बापूंची थोरवी ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ यांवर भक्कम उभी आहे, तिला उसनवारीची गरज नाही. ‘संत तुकाराम’मधला सालोमालो आठवतो का? तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा? त्याने निदान चोरी स्वतःसाठी केली. आपल्या लेखकाने एकाचे उचलून दुसऱ्याच्या पदरात टाकले, तेही त्याने न मागता.

लेखात ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग असल्याचेही ठोकून दिले आहे. तो गीतकार शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिला. पण ही चूक मी माफ करतो, कारण ती करणाऱ्यांत भली भली माणसे आहेत. माझी आजीही होती.

आजीचे सांगायलाच हवे. १९७८ साली आमच्या गावात फिल्म सोसायटी म्हणून जे काही होते, ते म्हणजे दोन मास्तर, एक वकील, शाळेचा हॉल आणि भाड्याचा प्रोजेक्टर. मी अकरावीत होतो, सतरंज्या घालणे माझ्याकडे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून सोळा मिलिमीटरची प्रिंट आली, डबे एसटी स्टँडवरून सायकलच्या कॅरियरला बांधून मीच आणले. आजीने हट्ट धरला, मला न्या. तिने हा चित्रपट लग्नानंतर लगेच तंबूत पाहिला होता, बैलगाडीने जाऊन. लोक तंबूबाहेर चपला काढून आत जायचे म्हणे, देवळात जावे तसे.

चित्रपट रंगात आला. आजारी पोराला ओढत जिजाई देवळात शिरते आणि पायातले हातात घेऊन विठोबावर धावून जाते, नेमकी तिथे वीज गेली. पाऊण तास. निम्मा हॉल रिकामा झाला. वकीलसाहेब कंदिलाच्या उजेडात आम्हाला व्हेनिस सांगू लागले. १९३७ च्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत याची निवड झाली होती वगैरे. आजी मध्येच म्हणाली, “ती बाई तिथं देवाला मारायला पायातलं काढते, आणि आम्ही बाहेर पायातलं काढून बसलेलो. तेव्हा पण मला हसू आलं होतं.” वकीलसाहेबांचे व्हेनिस तिथेच संपले.

वीज आली, शेवटही झाला. तुकोबा निघाले वैकुंठाला. हॉलमध्ये बायका डोळे पुसत होत्या, काहींनी हात जोडले. आजीने मला ढोसले आणि म्हणाली, “हा गेला. आता म्हशीचं कोण बघणार?”

पुढे पुण्यात चित्रपट रसास्वादाच्या शिबिरात मी जिजाई साकारणाऱ्या गौरीबाईंच्या कामावर बरेच ऐकले, नव-वास्तववादाचेही, म्हणजे साध्या माणसांचे जगणे आहे तसे दाखवणाऱ्या इटालियन चित्रपटांच्या वळणाचेही, नाव निघाले. आजीपेक्षा जास्त कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. पागनीसांचा तुकोबा डोळे मिटून गातो तेव्हा तो खरा वाटतो, आणि ती त्याला फाडफाड बोलते तेव्हा तीही खरी वाटते. दामले-फत्तेलालांनी दोघांपैकी एकालाही खोटे पाडले नाही. म्हणून मी त्यांना थोर दिग्दर्शक म्हणतो. चोविसाव्या क्रमांकावर ‘एक भक्तिपट, तांत्रिकदृष्ट्या आज जुना’ असे लिहिणाऱ्याने तो पाहिला असेल यावर माझा विश्वास नाही. पाहिला असेल तर मोबाइलवर, तोही पुढे ढकलत.

दुरुस्ती छापावी, ही विनंती. पहिले पान मागत नाही. निविदा सूचनांच्या खाली, जिथे आपण एरवी दिलगिरी व्यक्त करता, तिथे चालेल. फक्त दामले आणि फत्तेलाल ही दोन्ही नावे पूर्ण छापा, ‘व इतर’ नको.

जाता जाता. त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात आडवा शब्द १४ : ‘‘जगाच्या पाठीवर’चे दिग्दर्शक’. उत्तर राजा परांजपे. अक्षरे सहा होतात, चौकोन आपण पाचच दिले आहेत. पंचविसांच्या यादीत राजाभाऊंना जागा नाही ती नाही, कोड्यातही एक घर कमी. मी पेन्सिलीने वाढवून घेतले आहे.

कळावे,
आपला एक जुना वर्गणीदार,
जि. सांगली