पहिला नंबर

अंबाजोगाई,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय मंदे,

संक्रांतीनंतर तुला एक पत्र नाही, फोनवर नुसतं 'बरं आहे का, बरं आहे'. राग आला असेल तर भांड, पण हे वाच. माझा गुडघा तसाच, बीपीची गोळी चालू.

परवा आमच्या बायकांच्या वाचन मंडळात एलेना फेरांतेच्या 'माय ब्रिलियंट फ्रेंड' या कादंबरीवर बोलणं झालं. मूळ इटालियन, 2011 ची, चार भागांतला पहिला. नेपल्समधली गरीब वस्ती, 1950 चा सुमार, लीला आणि लेनू या दोन पोरी. सुचवलेली मीच. अर्ध्या जणींनी डोक्यावर घेतली, अर्ध्या वैतागल्या. एक म्हणाली, नुसती नावंच नावं, घडत काहीच नाही. (आपल्या गल्लीतली नावं लिहायला बसलं तर दोनशे पानी वही पुरायची नाही, होय ना?)

खरा वाद पेटला तो समुद्रावरून. दोघी शाळा बुडवून समुद्र बघायला निघतात. कल्पना लीलाची, आणि अर्ध्या वाटेतून माघारी फिरते तीच. मग लेनूला वाटतं, घरच्यांनी चिडून माझी पुढची शाळा बंद करावी म्हणून तर हिनं हे केलं नाही? आमच्यातल्या एक निवृत्त बाई कडाडल्या, "ही कसली मैत्री, ही तर जळजळ!" दुसरी म्हणाली, असंच असतं, खोटं कशाला बोला. मी गप्प. पुस्तक माझं आणि मलाच बोलता येईना.

शाळा सुटते ती लीलाचीच. चपला शिवणाऱ्याची पोर, वर्गात सगळ्यांत हुशार. शाळेसाठी भांडली म्हणून बाप खिडकीतून फेकून देतो, हात मोडतो. तरी ती घरी बसून लॅटिन शिकते आणि वर लेनूला शिकवते. तिथं मला तू दिसलीस. तुमचा ओटा, मांडीवर धाकटा, आणि माझं आठवीचं बीजगणित सोडवून देणारी तू.

सातवीनंतर दादांनी तुझं नाव काढलं तेव्हा मी तुझ्या गळ्यात पडून रडले. खरंच रडले. पण घरी जाताना चिंचेखाली आले आणि मनात आलं, आता पहिला नंबर माझा. आणि बरं वाटलं, मंदे. कंपासपेटी मी घेतली नव्हती हे तुला शंभरदा सांगितलं (धाकट्यानंच विहिरीत टाकली, अजून सांगते), पण हे एकदाही नाही. 1993 ला भूकंपानंतर तू माहेरी आलीस, आपण अंगणात झोपायचो, तेव्हा तोंडाशी आलं होतं. तुझ्या घराच्या भिंती पडलेल्या, त्यात माझं हे कुठं काढू.

पुस्तकाच्या नावातली ती हुशार मैत्रीण म्हणजे लीला, असंच शेवटपर्यंत वाटतं. मग स्वतःच्या लग्नाच्या दिवशी लीलाच लेनूला तसं म्हणते. ते वाचून पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या बीएडच्या निकालाला औशाहून येऊन पेढे वाटलेस तू! तुझ्याकडे नीट बघवलं नव्हतं मला तेव्हा.

यंदाच्या पावसात सोयाबीन किती गेलं? पंचनामा झाला का? भावजींचा खोकला? नातीला दात आले असतील.

शिव्या द्यायच्या तर दे, पण पत्रातून दे. फोन करू नकोस, फोनवर मला ऐकवणार नाही.

तुझी,
शके