पालक-शिक्षक संघ : मुलांच्या सामाजिक व भावनिक कौशल्यांबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या शनिवारी परिपाठानंतर शाळेच्या सभागृहात होणाऱ्या मासिक बैठकीत केवळ मुलांच्या सामाजिक व भावनिक कौशल्यांवर चर्चा होणार असून, प्रत्येक घरातून किमान एका पालकाने आवर्जून उपस्थित राहावे. हा विषय अभ्यासाबाहेरचा समजू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये त्याचा स्पष्ट उल्लेख आहे आणि आपल्या राज्यात २००९ साली बीड जिल्ह्यातील शाळांपासून सुरू झालेला मूल्यवर्धन कार्यक्रम जोडीकार्य, गटकार्य व चर्चा यांतून हेच काम करीत आला आहे.

तोपर्यंत घरी एवढे करावे. मूल चिडून किंवा रडत घरी आले, तर ‘एवढ्याशा गोष्टीवरून कोणी रडते का’ असे म्हणून विषय मिटवू नये. ते शांत होईपर्यंत जवळ बसावे, राग आला, भीती वाटली की अपमान झाल्यासारखे वाटले हे त्याला स्वतः सांगू द्यावे आणि उपाय लगेच न सुचवता ‘आता काय करता येईल?’ असे विचारावे. मुलग्यांच्या बाबतीत हे विशेष जपावे, कारण रडण्यावरून त्यांनाच अधिक हिणवले जाते. मुलांमधली किरकोळ भांडणे पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आणू नयेत, ती वर्गशिक्षकांच्या मदतीने मुलांनाच सोडवू द्यावीत. मात्र मारहाण किंवा सततचा छळ होत असल्यास त्याच दिवशी वर्गशिक्षकांना कळवावे.

मूल बरेच दिवस गप्प राहत असेल किंवा त्याची झोप व जेवण कमी झाले असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावरून सल्ला घ्यावा.

– सचिव, पालक-शिक्षक संघ