मेमोच्या भीतीने न झालेली नोंद

संपादक महोदय,

मनोरुग्णालयात काही अघटित घडलं की 'दोन कर्मचारी निलंबित' अशी बातमी येते आणि विषय मिटतो. मानसोपचार वॉर्डात मी सव्वीस वर्षं परिचारिका होते. तो मिटत नाही.

चार दिवस रजेवर घरी गेलेला रुग्ण संध्याकाळी परतला. क्लोझापिन हे गंभीर मानसिक आजारावरचं औषध, रोजचे ३०० मिलिग्रॅम. तक्त्याप्रमाणे मी गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. तेवढ्यात शिकाऊ मुलीने सहज विचारलं, "घरी घेत होतात ना?" तो म्हणाला, "नाही, पाकीट इथंच राहिलं." मी गोळ्या परत उचलल्या. या औषधात ४८ तासांहून जास्त खंड पडला, तर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढत जावं लागतं. जुना डोस एकदम दिला तर रक्तदाब कोसळू शकतो.

डॉक्टरांना फोन करून डोस बदलून घेतला. नोंद कुठेच केली नाही. केली असती तर पहिला प्रश्न, "ड्युटीवर कोण होतं?" आणि सकाळी मेमो. काही महिन्यांनी शेजारच्या वॉर्डात हेच घडलं. तिथे विचारणारं कोणी नव्हतं. रुग्ण बाथरूमच्या दारात पडला, कपाळाला टाके पडले. त्यातला एखादा टाका माझ्या नावावर आहे.

आत्महत्येचा धोका असलेल्या रुग्णाला दर १५ मिनिटांनी पाहून सही करायची असते. पहाटे चारलाच पाचपर्यंतच्या सह्या झालेले कागद मी पाहिलेत. (मीही केल्यात, आता पेन्शनवर आहे म्हणून सांगते.) अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर असली की कागद पूर्ण होतो, फेरी होत नाही. शिवाय घड्याळ रुग्णालाही कळतं.

विमानवाहतुकीत अमेरिकेने १९७६ पासून चुका गोपनीयपणे कळवायची सोय केली. ती नासा चालवते, म्हणजे शिक्षा करणारं खातं नव्हे. आमच्याकडे थोडक्यात टळलेल्या चुकांची वही त्याच टेबलावर जाते, जिथून मेमो निघतो. ती तिथून हलवा. रुग्णावर हात उगारणाऱ्याला खुशाल निलंबित करा; ती चूक नव्हे, गुन्हा आहे.

त्या मुलीला मी शाबासकी द्यायला हवी होती. "कुठे बोलू नकोस," एवढंच सांगितलं.

– एक निवृत्त परिचारिका