बसंतरचा चिखल

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

टामिया कंपनीचं सेंच्युरियन रणगाड्याचं १:३५ मापाचं जोडायचं मॉडेल घेतलंस आणि ते पूना हॉर्स या आपल्या रणगाडा रेजिमेंटचंच करायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. उत्तर लांबणार आहे, वेळ काढून वाच. 'वेदरिंग, म्हणजे वापरून मळल्या-झिजल्याचा परिणाम, कसं करू, गंज कुठे कुठे लावू' असं तू विचारलं आहेस. गंजाचं नंतर बघू. आधी तुझा रणगाडा कुठल्या दिवशीचा आणि किती वाजताचा आहे ते ठरव. ते ठरेपर्यंत ब्रश हातात घेऊ नकोस.

माझ्या मनातली वेळ आहे १६ डिसेंबर १९७१ ची सकाळ. पाकिस्तानातल्या शकरगढच्या भागात आपली फौज युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात घुसली होती. १५ तारखेला ४७ इन्फंट्री ब्रिगेडने बसंतर नदीपलीकडे पाय रोवले. सुरुंग काढायचं काम पुरं झालं नव्हतं, तरी लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग यांच्या पूना हॉर्सचे रणगाडे रात्रीतच त्या सुरुंगांच्या पट्ट्यातून पुढे गेले. सकाळी जरपालजवळ पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांचा मोठा प्रतिहल्ला आला आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल 'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियन घेऊन त्यात उतरले. वय २१. जन्म आपल्या पुण्यातला. कमिशन मिळून जेमतेम सहा महिने झालेले, आणि युद्धाची चाहूल लागली तेव्हा नगरला यंग ऑफिसर्स कोर्स चालू होता, तिथून परत बोलावलेले. परमवीरचक्राच्या मानपत्रात म्हटलंय की त्या लढतीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले, त्यातले चार खेतरपाल यांनी स्वतः टिपले. रणगाड्याला गोळा लागून आग लागली, सोडून द्यायचा हुकूम आला, तरी तोफ चालतेय म्हणून ते उतरले नाहीत.

काही जण जळका, फुटलेला फामागुस्ता करतात. तू तसं करू नकोस असं मला मनापासून वाटतं. नदी ओलांडून आलेला, तोफ समोर वळवलेला, शाबूत रणगाडा कर. माणसं आत आहेत असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे.

एकदा ती सकाळ पक्की केलीस की वेदरिंगचा क्रम आपोआप ठरतो. जे आधी घडलं ते आधी लाव. सर्वांत खाली छावणीतला हिरवा रंग, त्यावर सरावातले ओरखडे, त्यावर दहाएक दिवसांच्या कूचमधली धूळ, आणि सगळ्यांत वर त्याच रात्रीचा नदीकाठचा ओलसर गाळ. पुष्कळ चांगल्या मॉडेलांत हा क्रम उलटा झालेला दिसतो: धुळीच्या वर चकचकीत ओरखडे, नाहीतर वाळक्या चिखलाच्या वर पाण्याचे ओघळ. हात उत्तम असतो, पण रणगाड्याची गोष्ट जुळत नाही.

आता किटविषयी. डब्यातला सेंच्युरियन मार्क ३ आवृत्तीचा आहे, भारताने घेतलेले मार्क ७. तोफ तीच, २० पाउंडर, नळीचा आतला व्यास ८४ मिमी. पण मार्क ७ च्या नळीवर साधारण मध्यावर धूर ओढून घेणारा फुगीर भाग असतो, तो डब्यातल्या नळीवर नाही. धातूची वेगळी नळी घे किंवा स्प्रूचा, म्हणजे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा, तुकडा कानशीने घासून बसव. इंजिनावरची झाकणंही वेगळी आहेत. एएफव्ही क्लब या कंपनीच्या सेंच्युरियन किटमधून भाग मिळाले तर काम सोपं होईल.

टरेट, म्हणजे वरचा फिरता बुरूज, ओतीव पोलादाचा आहे, त्यामुळे तो खरबरीत दिसायला हवा. द्रवरूप पुट्टी आखूड केसांच्या ब्रशने ठोकत ठोकत लाव आणि सुकल्यावर बारीक काचपेपर हलकेच फिरव. हलची, म्हणजे खालच्या सांगाड्याची, बाजू मात्र जोडलेल्या पत्र्यांची आहे, तिथे सपाटच ठेव. दोन्ही पृष्ठभाग शेजारी शेजारी आले की प्लॅस्टिक नाहीसं होतं आणि पोलाद दिसायला लागतं. या छंदात मला सगळ्यात प्रिय क्षण तोच.

रंग एअरब्रशने पातळ थरांत दे. हिरव्यात थोडा पिवळसर करडा मिसळ, कारण लहान वस्तूवर खरा गडद रंग काळाच दिसतो. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला माझ्यासारखा तूही गेला आहेस. तिथले रणगाडे आकार आणि ओतकाम बघायला फार मोलाचे, पण रंगासाठी त्यांच्यावर विसंबू नकोस. तो जपणुकीचा रंग आहे, लढाईतला नव्हे.

आता गंज. चालत्या रणगाड्यावर गंज फार थोडा असतो. माणसं रोज त्याच्यावर चढतात, पुसतात, तेल देतात. सेंच्युरियनवर तो खरा शोभतो मागच्या मडगार्डवरच्या दोन्ही सायलेन्सरवर, कारण उष्णतेने तिथला रंग जळून जातो. ट्रॅक, म्हणजे चाकांवरचे साखळपट्टे, मँगनीज पोलादाचे. जमिनीला घासणाऱ्या कडा उजळ, खाचांत माती. आतल्या बाजूला मात्र चाकांचं रबर फिरतं, तिथे आरशासारखी चमक देऊ नकोस. चमक हवी ती मधल्या दातांना आणि मागच्या दातेरी चाकाला. मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाने घासलंस तरी पुरे.

रंगाचे टवके काढताना माप मनात सतत चालू राहू दे. मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा. स्पंजचा तुकडा रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा कर आणि मगच टेकव. टवके तिथेच, जिथे बूट आणि हात पडतात: पुढचे मडगार्ड, झाकणांच्या कडा, अवजारांच्या पेटीची कड. चाकांवर बाजूने लटकणारे पत्रे मात्र पातळ असतात, ते पोचे पडलेले आणि घासलेले दाखवायला काहीच हरकत नाही. एखादा काढूनच टाकलास तरी चालेल, तसे रणगाडे खरोखर असत.

वॉशसाठी, म्हणजे खाचांत सोडायच्या पातळ रंगासाठी, मी अजूनही कॅमलचा बर्न्ट अंबर हा तपकिरी तैलरंग वापरतो. नळीतला रंग पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा, पुठ्ठा जवस तेल शोषून घेतो, मग तो पातळ करून शून्य नंबरच्या ब्रशने फक्त बोल्टांभोवती आणि सांध्यांत सोडायचा. आधी वॉर्निशचा थर असू दे, नाहीतर डाग पसरतात.

आणि शेवटी चिखल. यात माझा जीव आहे. आपल्या अंगणातली माती वापरू नकोस, कितीही चाळलीस तरी. अर्ध्या मिलिमीटरचा कण या मापात पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो. पिगमेंट पावडर, म्हणजे रंगाची अगदी बारीक भुकटी, वापर. बसंतर रावीच्या खोऱ्यातली नदी. तिथला गाळ फिका, राखाडी झाक असलेला, दख्खनच्या काळ्या मातीसारखा मुळीच नाही. तळाला आणि चाकांमध्ये गडद ओला थर दे, त्यावर थोडं सॅटिन वॉर्निश. वर जाताना फिका आणि कोरडा होऊ दे. टरेटवर चिखल नको, तिथे धूळच. आणि दोन्ही बाजू सारख्या करू नकोस. वळताना एका बाजूचा ट्रॅक जास्त उसळतो.

एवढा काटेकोरपणा का, असं तू विचारशील म्हणून लिहितो. या रेजिमेंटला दोन परमवीरचक्रं आहेत. १९६५ मध्ये फिलोरा-चविंडाच्या लढाईत लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर धारातीर्थी पडले, तेही पुण्यात शिकलेले. १८१७ साली पुण्यात उभी राहिलेली ही तुकडी. टेबलावरच्या त्या वीत-सव्वा वीत प्लॅस्टिकवर आपण जो डाग लावतो तो या माणसांच्या रात्रीबद्दल काहीतरी सांगत असतो. ते खोटं असू नये, एवढंच मला हवंय.

तू इंग्लंडात आहेस तर एक काम कर. डॉर्सेटमधल्या बॉव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन आहेत. मागच्या मडगार्डचे, सायलेन्सरचे आणि इंजिनाच्या झाकणांचे जवळून फोटो काढ, शेजारी पट्टी धरता आली तर उत्तमच. मलाही हवे आहेत, माझा मार्क ७ त्याच भागापाशी थांबलाय. प्रायमर झाला की तुझ्या टरेटचा फोटो पाठव, ओतकामाचा पोत बघायचा आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
जुना मित्र